गुडघ्याचं ऑपरेशन, मांडीतला ब्लॉक आणि पहिली रात्र

प्रश्न असा आहे: "आईचं वय ६८, वजन ७२ किलो. मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या चालू आहेत. पुढच्या महिन्यात उजवा गुडघा बदलायचाय. भूलतज्ज्ञ म्हणाले, पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करू आणि नंतर दुखू नये म्हणून मांडीत ब्लॉक देऊ. पाठीतलं इंजेक्शन आहेच, तर हा ब्लॉक वेगळा कशाला? नसेत सुई गेल्याने पाय कायमचा लुळा पडेल का? मावशीची कंबर सिझेरियनच्या इंजेक्शनपासून दुखते, म्हणून आई फार घाबरलीय."

मी भूलतज्ज्ञ आहे. २२ वर्षं हे काम करतेय आणि त्यात सांधेरोपणाचे रुग्ण पुष्कळ. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. ब्लॉक उतरेल कधी, आणि तेव्हा आईच्या उशाशी कोण असेल? चांगला लागलेला ब्लॉकही या एका गोष्टीचा विचार न केल्यामुळे वाया गेलेला मी अनेकदा पाहिलाय.

आधी पाठीतलं इंजेक्शन. त्याला आम्ही स्पायनल म्हणतो. मज्जारज्जूभोवती जे पाणी असतं त्यात बुपिवाकेन नावाचं औषध सोडायचं, तेही जेमतेम ३ मिलिलिटर. पाच-दहा मिनिटांत दोन्ही पाय जड होतात, मग हलेनासे होतात. हा परिणाम दोन ते चार तास टिकतो. ऑपरेशनला तेवढा वेळ भरपूर झाला. पण सकाळी दहाला टेबलावर घेतलेल्या बाईंचे पाय दुपारी दोनच्या सुमारास हलायला लागतात आणि तिथूनच खरी परीक्षा सुरू होते. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक करवतीने कापलेलं असतं. त्याचा ठणका पहिले दोन दिवस सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकं त्याच दिवसांत रुग्णाने उठावं, चालावं, गुडघा वाकवावा अशी आपली अपेक्षा असते. दुखतंय म्हणून पाय हलवला नाही तर सांधा आखडतो, पोटरीतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते, रात्रभर झोप नसलेला म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशी भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. म्हणून ब्लॉक. ऑपरेशन होतं ते स्पायनलखाली. ब्लॉक असतो त्यानंतरच्या तासांसाठी.

आता "नसेत सुई" या शब्दांकडे येते, कारण भीती तिथेच आहे. आम्ही नसेत सुई घालत नाही. नसेच्या शेजारी नेतो आणि औषध तिच्याभोवती पसरू देतो. दुखल्याचा संदेश नसेतून पुढे सरकतो तो सोडियमचे कण तिच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांमधून आत शिरतात म्हणून. औषध ती दारं काही तास बंद ठेवतं. रक्त ते औषध हळूहळू वाहून नेतं, दारं पुन्हा उघडतात, नस पहिल्यासारखी चालू होते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे आईलाही सांगता येईल. मी ब्लॉक ऑपरेशनच्या आधी देते, स्पायनलच्याही आधी. रुग्ण जागा असतो, पायात जाणीव असते. सुई नसेला टेकून झिणझिणी गेली तर तो लगेच सांगू शकतो. काही सहकारी ऑपरेशन संपल्यावर देतात, त्यात रात्रीचे दोन-तीन तास जास्त मिळतात. दोन्ही रीती चालतात. मला माझी सोयीची वाटते, कारण रुग्णाच्या तोंडून येणारी सूचना मला यंत्रापेक्षा कमी मोलाची वाटत नाही. तर, आई उताणी झोपलेली, उजवा पाय किंचित बाहेर वळवलेला. मांडीच्या आतल्या बाजूला, साधारण मध्यावर, जंतुनाशक लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवायचा. पडद्यावर आधी एक काळं गोल वर्तुळ धडधडताना दिसतं, ती मांडीची धमनी. तिच्यावर नावेच्या आकाराचा एक स्नायू पसरलेला असतो, सार्टोरियस. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसलेल्या शिंप्याच्या पायात हा स्नायू काम करतो, म्हणून त्याला ते नाव. या स्नायूच्या खाली, धमनीला चिकटून एक पांढुरका ठिपका दिसतो. ती आपली नस. कातडीखाली थोडं बधिर करायचं औषध देऊन सुई बाजूने आत येते, पडद्यावर तिची चकाकती रेघ दिसत राहते, आणि औषध सोडलं की धमनीच्या कडेने एक काळा अर्धचंद्र फुगत जातो. तो दिसला की माझा जीव भांड्यात पडतो. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

या जागेला अॅडक्टर कॅनॉल म्हणतात आणि ही जागा मुद्दाम निवडलेली असते. पूर्वी आम्ही हाच ब्लॉक वर, जांघेत द्यायचो, फीमोरल नसेला. दुखणं उत्तम थांबायचं. पण तीच नस मांडीच्या पुढच्या दणकट स्नायूला ताकद पुरवते, त्यामुळे गुडघ्यातून पाय लटका पडायचा. मी नवी असताना एका रुग्णालयात एका आजींना असा ब्लॉक दिला होता. रात्री त्यांना अजिबात दुखत नव्हतं. म्हणूनच त्या कुणाला न उठवता एकट्या बाथरूमला निघाल्या, पाय मुडपला आणि त्या पडल्या. टाके उसवले, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. "मला वाटलं, दुखत नाही म्हणजे बरी झाले," एवढंच त्या म्हणाल्या. पाय धरणार नाही हे त्यांना मी सांगितलं होतं का? घाईत एकदा पुटपुटले होते. ते पुरेसं नव्हतं. तेव्हापासून मी रुग्णाला, नातेवाइकांना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना असं तिघांना वेगवेगळं सांगते, आणि मांडीवर पट्टी लावून त्यावर वेळेसकट लिहिते. अॅडक्टर कॅनॉलमध्ये दिलेल्या ब्लॉकने स्नायूची ताकद बरीचशी राहते, म्हणून आता गुडघ्यासाठी तोच पसंत करतात. तरीसुद्धा पहिल्या दिवशी आईने आधाराशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही.

या ब्लॉकची मर्यादाही आधीच माहीत असलेली बरी. तो गुडघ्याची पुढची आणि आतली बाजू सांभाळतो. गुडघ्याच्या मागे, खोबणीत, वेगळ्या नसांचे धागे येतात. "ब्लॉक दिला तरी मागे दुखतंय, म्हणजे लागलाच नाही," अशी तक्रार बहुतेक वेळा याचमुळे असते. त्यासाठी गुडघ्यामागची धमनी आणि सांध्याची पिशवी यांच्या मधल्या जागेत दुसरं इंजेक्शन देता येतं, याला आयपॅक म्हणतात. किंवा सर्जन सांधा उघडा असतानाच आतून औषध पेरतात. तुमच्या भूलतज्ज्ञांना एवढंच विचारा: "मागच्या बाजूचं काय करणार?" त्यांच्याकडे उत्तर असेलच. आणि हो, सगळं नीट करूनही एखाद्याला ब्लॉक अर्धवट लागतो. तसं झालं तर लपवू नये, लगेच सांगावं. पुढचे उपाय तयार असतात.

कायमचा लुळेपणा येईल का? हातापायांकडे जाणाऱ्या (परिधीय) नसेच्या ब्लॉकनंतर दीर्घकाळ टिकणारी इजा साधारण दर १०,०००मध्ये दोन ते चार जणांना होते. काही दिवस किंवा आठवडे राहणाऱ्या मुंग्या, एखादा बधिर पट्टा हे त्याहून जास्त आढळतं आणि आपोआप जातं. त्यातही हे लक्षात घ्या की मांडीला बांधलेला रक्त थांबवणारा पट्टा, सांध्याची ओढाताण, सूज यांनीही नसेला त्रास होतो; दोष नेहमी सुईचाच असतो असं नाही. तुमच्या आईच्या बाबतीत मात्र एक वेगळी काळजी घ्यावी लागेल. मधुमेहात पायाच्या नसा आधीच थकलेल्या असू शकतात. तळव्यांना जळजळ होते का, चप्पल पायातून निसटलेली कळते का, हे ऑपरेशनच्या आधी तपासून कागदावर नोंदवून घ्या. अशा नसांवर ब्लॉक जास्त वेळ टिकतो. आणि नंतर काही बधिरपणा जाणवला तर तो जुना की नवा, हे त्या नोंदीवरून कळेल.

माझ्या मनात लुळेपणापेक्षा मोठी धास्ती असते ती औषध रक्तात जास्त जाण्याची. असं झालं तर ओठांभोवती बधिरपणा, तोंडात लोखंडासारखी चव, कानात गुंजारव, मग झटके, आणि क्वचित हृदय थांबणं. म्हणून आम्ही वजनावर हिशेब करतो. ब्लॉकसाठी वापरतात त्या रोपिवाकेन या औषधाची नेहमीची कमाल मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम. आईचं वजन ७२, म्हणजे २१६ मिलिग्रॅम. मांडीतल्या ब्लॉकला ०.५ टक्क्याचं १५ मिलिलिटर वापरलं तर ७५ मिलिग्रॅम गेले. गुडघ्यामागे ०.२ टक्क्याचं २० मिलिलिटर म्हणजे आणखी ४०. झाले ११५. सर्जननी आतून पेरायचं औषधही याच जातीचं असतं, त्यांच्यासाठी उरले जेमतेम १००. हा हिशेब मी आणि सर्जन ऑपरेशनच्या आधी बोलून घेतो. वय पाहता काठापर्यंत जायचंही नाही. यावरचा उतारा म्हणजे चरबीचं २० टक्क्यांचं पांढरं, दुधासारखं दिसणारं द्रावण, लिपिड इमल्शन. किलोला दीड मिलिलिटर या प्रमाणात ते शिरेतून झपाट्याने देतात. जिथे ब्लॉक देतात तिथे ते कपाटात असलंच पाहिजे. "इंट्रालिपिड (म्हणजे हेच द्रावण) आहे ना?" असं विचारलंत तर कुठलाही चांगला भूलतज्ज्ञ रागावणार नाही.

आता मावशींची कंबर. त्यांचं दुखणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण स्पायनलची सुई साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची असते आणि ती दोन मणक्यांच्या मधून जाते, हाडातून नाही. टोचल्या जागी दोन-चार दिवस हुळहुळतं. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा आणि स्पायनलचा संबंध अभ्यासांमध्ये दिसून आलेला नाही. स्पायनल न घेता नैसर्गिक प्रसूती झालेल्या बायकांचीही कंबर तितकीच धरते. गरोदरपणात सैलावलेले सांधे, नंतर बाळाला कडेवर घेणं, वाकून पाजणं, स्वतःच्या जेवणाची आबाळ ही कारणं कुणी मोजत नाही. सुईची तारीख लक्षात राहते, म्हणून आळ तिच्यावर येतो. मज्जारज्जूला धक्का लागेल ही भीतीही बऱ्याच जणांना असते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. आम्ही सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये घालतो.

स्पायनलचा खरा त्रास म्हणजे डोकेदुखी, तीही उठून बसलं की वाढणारी आणि आडवं झालं की कमी होणारी. जर्मनीतल्या कील शहरात आउगुस्ट बीअर या सर्जनने १८९८ साली पहिल्यांदा कोकेन वापरून स्पायनल दिलं आणि मग स्वतःवर व आपल्या साहाय्यकावरही प्रयोग केला. दोघांचीही डोकी दुखली. बीअर नऊ दिवस अंथरुणाला खिळले होते, कारण त्या काळच्या जाड सुईने केलेल्या छिद्रातून पाणी झिरपत राहिलं. आजच्या बारीक सुयांनी हे फार कमी झालंय, आणि आईच्या वयात तर आणखीनच कमी. तरुण बायकांमध्ये ते जास्त दिसतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल थोडक्यात, पण फार गंभीरपणे सांगते. अॅस्पिरिन चालू असताना स्पायनल देता येतं. दुसरी गोळी क्लोपिडोग्रेल असेल तर ती साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवावी लागते, नाहीतर मणक्यात रक्त साकळून पाय जाण्याचा धोका असतो. आणि स्टेंट असलेल्या माणसाने ती मनाने थांबवायची नाही, त्यात हृदयाला धोका. तुमचे हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचं एकमत होऊन तारीख लिहून मिळाली पाहिजे. थांबवता येत नसेल तर पूर्ण भूल देऊनही ऑपरेशन होतं आणि मांडीतला ब्लॉक तरीही देता येतो, कारण तिथे रक्त आलंच तर बाहेरून दाबून धरता येतं.

आता पहिल्या रात्रीबद्दल. सकाळी साडेनऊला दिलेला ब्लॉक, औषध किती तीव्र आहे त्यावर, १० ते १८ तास टिकतो. म्हणजे तो संध्याकाळी साडेसात ते पहाटे साडेतीनच्या दरम्यान कधीही उतरणार. वॉर्डात सगळ्यात कमी माणसं असतात तेव्हाच. आणि तो उतरतो तेव्हा दुखणं पायरी-पायरीने चढत नाही, अर्ध्या-एक तासात उसळी मारून येतं. दिवसभर "काहीच दुखत नाही" म्हणून संध्याकाळची गोळी नाकारलेला रुग्ण पहाटे तीनला कळवळत असतो, सिस्टर इंजेक्शन आणते, पण ते लागू पडायला वेळ लागतो. एवढ्या मेहनतीने दिलेल्या ब्लॉकची आठवण रुग्णाला मग त्या दोन तासांचीच राहते.

म्हणून दुखत नसतानाच गोळ्या घ्यायच्या, घड्याळ लावून. पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर आठ तासांनी, हा पाया. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या इतरांना आम्ही सर्रास देतो, पण आईला स्टेंट आहे आणि मधुमेहामुळे मूत्रपिंडाचाही विचार करायला हवा. त्या द्यायच्या की नाही हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवावं. म्हणूनच तिच्यासाठी ब्लॉकचं महत्त्व आणखी वाढतं, कारण बाकीची हत्यारं कमी आहेत. ट्रामाडोलसारखं जास्त तीव्र वेदनाशामक राखीव ठेवावं. त्याने मळमळ आणि चक्कर येते, त्यामुळे ते दिल्यावर तर एकटीला मुळीच उठवू नये. ब्लॉक लांबावा म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर साखर एखाद-दोन दिवस वर राहते. ती नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासायला सांगा.

आणखी दोन गोष्टी घरच्या माणसांकडून प्रेमापोटी होतात. एक, शेकाची पिशवी. बधिर पायाला चटका कळत नाही. नडगीच्या आतल्या बाजूला फोड आल्यावरच समजतं. शेक नको, कापडात गुंडाळलेला बर्फ चालेल, तोही थोडा थोडा वेळ. दुसरी, पाय एकाच स्थितीत तासन्‌तास ठेवणं. टाच गादीवर रुतून तिथे जखम होते. पोटरीखाली घडी घातलेली चादर ठेवून टाच अधांतरी ठेवा.

दुखणं किती, हे विचारायची पद्धतही सांगून ठेवते. शून्य ते दहा असं विचारलं की आमच्या बऱ्याच आजी गोंधळतात, किंवा डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून "बरंय" म्हणतात. मी विचारते, "रुपयातलं किती आणे राहिलंय?" लगेच उत्तर येतं, "बारा आणे गेलं, चार आणे आहे." आणि हे पडल्या पडल्या विचारू नका. उठून बसताना, पाऊल टाकताना विचारा. खाटेवर चार आणे आणि उभं राहताना चौदा आणे असेल तर आईला गुडघा वाकवता येणार नाही आणि ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळलं पाहिजे. आपल्याकडे बायकांना सोसायची सवय असते. तुमची आई स्वतःहून मागणार नाही असं गृहीत धरा. पोटरी दगडासारखी घट्ट होऊन असह्य दुखायला लागली, बोटं गार किंवा निळसर पडली, किंवा २४ तास उलटूनही पाऊल हलत नसेल, तर सकाळची वाट न पाहता बोलवा.

तुमच्या गावातल्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांसाठी सोनोग्राफी यंत्र नसेलही. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्यामुळे असं कुठलंही यंत्र नोंदणीशिवाय वापरता येत नाही, ते उचलून दुसऱ्या रुग्णालयातही नेता येत नाही, त्यामुळे छोट्या ठिकाणी ते अजून कमीच. तसं असेल तर आईला दुसरीकडे हलवायची घाई करू नका. सर्जननी सांध्यात नीट पेरलेलं औषध आणि वेळच्या वेळी दिलेल्या गोळ्या यांनीही पहिली रात्र पार पडते. न दिसता सुई घालून केलेल्या ब्लॉकपेक्षा मला ते बरं वाटतं. पण यंत्र असेल आणि हाताला सवय असलेले भूलतज्ज्ञ असतील, तर ब्लॉक घ्या. आणि त्या रात्री आईजवळ अशा माणसाला ठेवा जे जागं राहील, ज्याच्याकडे ब्लॉक दिल्याची वेळ आणि पुढच्या गोळीची वेळ एका चिठ्ठीवर लिहिलेली असेल. रात्री दहाची गोळी, आई झोपली असली तरी, उठवून द्या.